चौदा अंश

जानेवारी सरता सरता
मुलुंडला पारा चौदावर उतरतो
आणि सोसायटीतले सगळे
कपाटाच्या वरच्या खणातून
डांबरगोळ्यांच्या वासाचे स्वेटर काढतात.
त्याच दिवसापासून माझी पद्मिनी
तोंड फिरवून बसते.

पहाटे पावणेचार.
दादरच्या फुलबाजारात वेळेत पोचलं नाही
तर उरतो तो देठ मोडलेला निशिगंध,
आणि आज दोन लग्नं, एक मुंज.
मी चोक ओढते. किल्ली फिरवते.
खर्र खर्र खर्र,
घशाशी आलेलं काहीतरी
सांगायचं आहे, सांगवत नाही.

निदानं तयारच होती.
वर्तकांची बायपास झालेली,
ते म्हणाले, पेट्रोलची नळी चोंदलीय.
तळमजल्यावरच्या कुट्टींना गोड वर्ज्य,
ते म्हणाले, पेट्रोलातच भेसळ.
वॉचमन गिरिजाशंकर, तीन रात्रींचा जागा,
म्हणाला, बॅटरी थकली असेल, झोपू द्या तिला.
आणि माझा मुलगा, पुण्याहून, फोनवर :
आई, विकून टाक.
त्याला काय झालंय ते मला माहीत नाही.

बॅटरी नवी घातली. प्लग बदलले.
फिल्टर, कॉइल, हातात पावत्या.
आणि अकरा वाजता
ऊन बॉनेटवर चढलं की
एका किल्लीत चालू,
जणू रात्री काही झालंच नव्हतं.
गॅरेजातली पोरं गाडीकडे बघायची,
मग माझ्याकडे.

लतीफ परकार भांडुपला बसतात.
फियाटला हात लावणारे आता तेवढेच उरलेत,
त्यांनाही डाव्या डोळ्याने कमी दिसतं.
म्हणाले, वहिनी, आजार नका सांगू.
बरी कधी असते, ते सांगा.
हे कोणी विचारलंच नव्हतं.
मी सांगितलं.
ते म्हणाले, मग मी पहाटेच येतो.
टॉर्च आणू नका.

आले. कानांवरून मफलर,
हातात पान्हासुद्धा नाही.
पार्किंगचा दिवा घालवायला लावला,
गिरिजाशंकरला स्टिअरिंगवर बसवलं,
मला म्हणाले, इकडे या. बघा.
खर्र खर्र...
डिस्ट्रिब्युटरच्या काळ्या टोपीवर
एक निळी रेघ सरसरली.
केसाएवढी.
पुन्हा.
पुन्हा, थोडी वाकडी.
प्लगपर्यंत जायची ठिणगी
दवाच्या ओलीवरून घसरून
वाटेतच लोखंडात उतरत होती.

टोपीला तडा आहे, ते म्हणाले.
उजेडात दिसत नाही.
उन्हानं सुकला की गुणी बाळ.

ओल.
बावीस वर्षं मी
फुलांवर पाणी शिंपडत आलेय,
ओल्या फडक्यात गुंडाळून
ह्याच गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलीत.
ओल गेली की फूल गेलं, एवढंच मला ठाऊक.
विचारलं, माझ्या फुलांमुळे झालं का हे?
ते हसले. मफलरच्या टोकानं
टोपी आतून पुसत म्हणाले,
नाही हो. थंडी आहे, दव पडतं.
सगळं काय तुमच्याचमुळे होतं काय?

मग म्हणाले, नखांना लावायचा रंग आहे घरात?
मी वर धावले.
सूनबाई मागे विसरून गेलेली बाटली,
मरून रंगाची, तळाशी घट्ट झालेली.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
तड्यावरून ब्रश फिरवला,
जपून, एकाच दिशेनं,
फुंकर घालून वाळवला.
नवी टोपी मिळेपर्यंत चालेल, म्हणाले.
मिळाली तर.

चार वाजून चाळीस मिनिटं.
खर्र, आणि लगेच
सगळी बिल्डिंग जागी होईल एवढा आवाज.
वर्तकांच्या खिडकीत दिवा लागला.
मी पैसे विचारले.
ते म्हणाले, दादरपर्यंत सोडा,
तिकडं पहाटेचा चहा बरा मिळतो.

निशिगंध संपला होता.
झेंडू घेतला, थोडी शेवंती,
ग्राहकांना काय सांगायचं ते जुळवत होते.
शेजारी परकार बशीत चहा ओतत होते
आणि त्यांच्या ग्रीस लागलेल्या बोटावर, नखापाशी,
मरून रंगाचा एक ठिपका
अजून ओला होता.