डाव्या हाताची दोन नखं

सरोदला पडदे नसतात,
हे मला माहीत असायचं काही कारण नव्हतं.
नई सडकेवर माझं चष्म्याचं दुकान;
अंतर मला कळतं ते काचेतून.
वारिजाला ते नखाने शोधावं लागतं
गुळगुळीत पोलादी पट्टीवर,
जिथे गंधाराने दारावर
नावाची पाटी लावलेली नाही.

पहिले चार महिने ती स्वतःहून खोळ काढायची.
मग खोळच राहिली,
कपाटाशेजारी, शाल पांघरून बसलेल्या
दूरच्या पाहुण्यासारखी,
ज्याला ‘आता निघा’ म्हणता येत नाही.

मी सगळं करून पाहिलं.
भिंतीवर तक्ता लावला, रियाजाच्या दिवसाला एक चांदणी.
बावीस चांदण्या झाल्या.
तेविसावी तिने न वाजवताच चिकटवली.
मी रागावलो खरा,
पण चांदण्यांचं पाकीट मीच आणलं होतं.
गजक ठेवली पैजेला. गजक संपली.
समोरच्या तोमरांच्या मुलाचं उदाहरण दिलं,
त्या रात्री ती जेवली नाही.
‘किती वेळ झाला?’ असं मी विचारायचो
आणि ती उत्तर द्यायची घड्याळाकडे बघून,
माझ्याकडे नाही.

कुलश्रेष्ठ सर म्हणाले,
“घड़ी छोड़िए, भाईसाहब. उसके नाख़ून देखिए.”

पाहिली.
दहाही, मुळापासून कापलेली.

सोमवारी शाळेत नखं तपासतात.
भदौरिया मॅडम रांगेतून फिरतात, हातात पट्टी.
म्हणून दर रविवारी रात्री, न्हाणीघराची कडी लावून,
वारिजा नखं कापायची.
आणि मंगळवारी तारेवर नखाऐवजी बोटाचं मांस टेकायचं,
सूर दबून यायचा, खोकल्यासारखा.
त्याला आम्ही तिचा कंटाळा म्हणत होतो.
तीन महिने.

त्या रात्री तिच्या डायरीत मी लिहिलं,
चष्म्याचा नंबर लिहावा तसं, सुट्या अक्षरांत:
‘बेटी सरोद सीखती है.
बाएँ हाथ के दो नाख़ून रहने दें.
साफ़ रखने की ज़िम्मेदारी मेरी.’
तिने ते वाचलं, वरून खाली, मग खालून वर.
बोलली काही नाही.
डायरी दप्तरात सगळ्यात आतल्या कप्प्यात ठेवली.

पुढचं मला झैनबच्या अम्मीने सांगितलं, भाजी घेताना.
मॅडमनी म्हणे पट्टी बाकावर ठेवली,
डावा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला,
विचारलं, “क्या बजाती हो?”
आणि आमची वारिजा, जी हजेरीलाही
पुटपुटते,
शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी म्हणाली,
“भूप.”

घरी येऊन तिने खोळ उघडली, असं मात्र नाही.
नखं वाढायला वेळ लागतो.
आठवड्याला जेमतेम एक रेघ.
गिऱ्हाइकाच्या दोन बुबुळांमधलं अंतर
मी ज्या पट्टीने मोजतो,
ती रोज दुकानातून घरी आणायचो.
दिव्याखाली तर्जनी, मग मधलं बोट.
जुन्या ब्रशने नखाखालचा मळ काढायचो,
थोडं खोबरेल.
“आज वाढलं नाही,” ती म्हणायची.
“रविवार होता,” मी म्हणायचो.
सरोदचं नाव कुणी काढत नव्हतं.

मग एका संध्याकाळी
दारात चप्पल काढत होतो,
आतून एक सूर निघाला,
षड्जावरून सरकत गंधाराकडे,
जरा पुढे गेला, चुकला,
मागे आला,
थांबला.

खोकला नव्हता त्यात.

पुन्हा निघाला.

एक चप्पल पायात, एक हातात.
किती वेळ झाला
ते विचारू नका.