शेवटच्या हीटचं बीड

सोमवार.
शिरोलीतली भट्टी थंड,
आणि दिवाळीच्या सुट्टीचे अजून चार दिवस शिल्लक.
माझी सुट्टी नि उर्वीची सुट्टी
वर्षातनं मोजून दोनदा भेटतात.

म्हणून आज वॉफल.

राजारामपुरीत, आठव्या गल्लीच्या तोंडाशी
तिनं काचेतनं बघितलं होतं, खाल्लं नव्हतं.
दीडशे रुपये ऐकून माझा हात खिशातच राहिला.
ती म्हणाली, "राहू दे पप्पा. मी घरं मोजलीत. सोळा आहेत."

त्या रात्री चलनाच्या पाठीवर सोळा घरं काढली.
पॅटर्न सागवानाचा, उरलेल्या तुकड्याचा.
अकबर शिकलगारनं जेवणाच्या सुट्टीत कानस मारली,
"लेका, एवढ्या बारक्या चौकोनाला ड्राफ्ट नको व्हय?"
म्हणत म्हणत मारली.
मग एका शुक्रवारी, शेवटच्या हीटला,
पंपाच्या बॉड्या ओतून झाल्यावर लॅडलच्या तळाला
जे उरलं, ते माझं.
सुपरवायझर तेवढ्यात तंबाखू मळत पाठमोरा झाला.
मुद्दाम झाला असावा.

चार किलो भरलं. दोन पानं, मध्ये बिजागरी.
आठ दिवस त्याला तेल पाजलं,
नव्या तव्याला पाजतात तसं.

संगीता म्हणते, "म्हणजे चौकटीची आंबोळीच की."
मैदा, दोन अंडी,
गंगावेशीतनं पहाटे आणलेलं म्हशीचं दूध.
लोणी तिनं तिच्या अंदाजानं घातलं, माझ्या मापानं नाही.

पहिलं चिकटलं.
स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडलं तर निम्मं वर, निम्मं खाली.
"रिजेक्शन," मी म्हटलं.
"भुगा," उर्वी म्हणाली, आणि खाल्ला.
दुसरं जळालं.
अकबरचा ड्राफ्ट आठवला. गप्प बसलो.
संगीतानं गॅस बारीक केला, लोण्याचा बोळा फिरवला,
"तुम्ही जरा बाजूला व्हा. ही भट्टी न्हाई."

तिसऱ्याला वाफ आली, मग वाफ थांबली.
साचा उघडला, आणि सुटलं. आपसूक.
वाळूतनं पॅटर्न नीट उचलला गेला
की जसा कसलाच आवाज येत नाही, तसं.

काकवी मी ओतली. ते काम माझंच.
धार तुटू द्यायची नाही, हात हलू द्यायचा नाही,
एक घर भरलं की मगच पुढचं.
बावीस वर्षं हेच केलंय,
पण मी ओतलेलं आजवर कुणी चाटलं नव्हतं.

मग उर्वीनं ताटली डोळ्यांजवळ नेली.
"पप्पा, ह्या कोपऱ्यात उलटा तीन कशाला?"

तो उ होता.
पॅटर्नवर सुलटा, वाळूत उलटा, बिडात परत सुलटा,
इतकं मला झोपेतही कळतं.
पण बिडानंतर आणखी एकदा उलटतं
हे मोजायची वेळच कधी आली नव्हती;
माझं काम बिडापाशी संपायचं,
पुढं ट्रक यायचा.

संगीता हसून हसून ओट्याला टेकली.
उर्वी वॉफल घेऊन कपाटाच्या आरशापुढं,
काकवी कोपरापर्यंत, फरशीवर लांब ओघळ,
"आला! सरळ आला!"

आणि खाताना
आधी बाकीची पंधरा घरं संपवली.