मोरचूद

ते पूल म्हणतात, मी हौद म्हणतो.
हलकुडे साहेब तीन आठवडे बेळगावला होते,
मोटर बंद, एप्रिल, सोलापूरचं ऊन.
आले आणि लगेच फोन: "गाजुल, पाणी सोडून दे बे,
उद्या टँकर मागवतो, पाच लागले तर पाच."

आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी नळ येतो,
तोही रात्री अडीचला.
हे मी बोललो नाही. म्हटलं,
पाणी मेलेलं नाही साहेब, आजारी आहे.

काठावर बसून हात घातला.
भिंत बुळबुळीत, म्हशीच्या नाकासारखी.
ब्रश मारला की हिरवा धूर उठतो
आणि होता तेवढा तळही दिसेनासा होतो.
पहिल्या दिवशी काम बिघडल्यासारखंच दिसतं,
मालकाला आधी सांगून ठेवावं.

पीएच उतरवला. क्लोरीन दिवस मावळल्यावर,
दुपारी टाकलं तर ऊनच पिऊन टाकतं.
रात्रभर मोटर, चार-चार तासांनी फिल्टर उलटा धुवायचा,
ते पाणी गेटबाहेर, होटगी रोडची धूळ बसायला.
तिसऱ्या सकाळी हौदात ताक.
पाचव्या दिवशी तळाला राख, मेलेलं शेवाळ,
ते हळू ओढून घ्यायचं,
झोपलेल्या पोराखालची चादर काढतो तसं.

मग डाग उघडे पडले.
डागाला विचारावं लागतं, तू कुणाचा?
क्लोरीनच्या वडीनं विरला तर पानाचा, जांभळाचा.
मेडिकलमधली सी व्हिटॅमिनची आंबट गोळी घासून
विरला तर लोखंडाचा, म्हणजे बोअरचा.
आणि पायऱ्यांवरचा तो निळा-हिरवा
साहेबांचा स्वतःचा:
कुणीतरी सांगितलं म्हणून गेल्या साली
दोन किलो मोरचूद ओतलं होतं.

मोरचूद मला नवं नाही.
एकतीस वर्षं अक्कलकोट रोडला डाइंगमध्ये काढली,
टॉवेल, नॅपकिन, गडद निळ्या चादरी.
रंग पक्का धरायला तेच टाकायचो.
तिथं शिव्या खाल्ल्या रंग सुटला म्हणून,
इथं खातो राहिला म्हणून.
पद्मा म्हणते, तुमचं रंगाशी कधी जमलंच नाही.
तेव्हा नखं निळी असायची,
सोयऱ्यांच्या लग्नात हात खिशात ठेवून जेवणाची वाट बघायचो.
आता सोललेल्या लसणासारखी.

शेवटचा डाग शिडीखाली.
बोटभर, तांबूस, मधोमध दुमडलेला.
केसांची पिन पडलेली असणार कधीतरी,
ती गंजून गेली, खूण राहिली.
पाच मिनिटांचं काम. मी गोळी काढली.

गिरिजाबाई चहा घेऊन उभ्या होत्या.
"तेवढा राहू दे."
साहेब म्हणाले, का?
"राहू दे म्हटलं ना."
कप खाली ठेवला, बशीत चहा सांडला,
साहेबांनी पेपर उलटा केला आणि परत सुलटा.
त्या घरात मी कधी मुलगी बघितलेली नाही.
गोळी खिशात टाकली.

रात्री अडीचला नळ आला.
ड्रमच्या आत, पाणी टेकतं तिथं, हिरवी रेघ.
मी ब्रश उचलला तर पद्मा ओरडली,
"त्या हौदातला नको, आपण पितो यातलं."
मग नारळाच्या काथ्यानं घासला, पायांवर ओल घेत.

सकाळी नातवाला माझ्या शर्टात गोळी सापडली.
चाटली, डोळे मिटून तोंड वाकडं केलं,
आणि अजून एक मागितली.