साप धरून बारा

माझं काम आकडे रंगवायचं.
ओकच्या खोडावरचं बूच सोललं
की त्या ओल्या, लालसर अंगावर
पांढऱ्या रंगानं वर्षाचा शेवटचा आकडा.
पुन्हा कुऱ्हाड लागायची ती नऊ वर्षांनी.
पोर्तुगालच्या दक्षिणेला, या डोंगरात,
वयही आम्ही तसंच सांगतो:
मी, बेल्मीरो, सात सोलण्यांचा. वर दोन वर्षं.

त्या उन्हाळ्यात आकडा होता तीन.
खालच्या उतारावरची चाळीस झाडं
नुकतीच उघडी केली होती.
ऑगस्टात वारा फिरला
आणि निलगिरीच्या लागवडीकडून वणवा आला.
आधी आवाज,
छपरावर कुणी खडी ओतत राहावं तसा.
रस्ता बंद झालाय हे सांगायला
अर्लिंदा टपालाची गाडी घेऊन आली,
आणि मग तिलाही परत जाता येईना.

गावात धुणं धुवायची दगडी टाकी आहे.
झऱ्याचं पाणी, कंबरभर.
ओल्या घोंगड्या डोक्यावर घेऊन
त्यात आम्ही अकरा जण उतरलो.
नव्वदीची ऑर्मिंदा खुर्चीसकट.
तेवढ्यात कठड्यावरून साप आला,
मनगटाएवढा जाड,
आणि समोरच्या कोपऱ्यात, साबणाच्या दगडाखाली,
डोकं वर काढून थांबला.
कुणी ओरडलं नाही.
ऑर्मिंदा एवढंच म्हणाली,
"जरा सरका. तो इथलाच आहे."
रात्रभर आम्ही त्याच्याकडे पाहिलं नाही,
त्यानं आमच्याकडे.
पाणी कोमट होत गेलं.

सकाळी घरं मोजली. एकवीसातली सोळा.
धुराच्या कडेनं घारी
पळते टोळ टिपत होत्या, घाईत, लग्नातल्या पंगतीसारख्या.
कोल्ह्याच्या बिळातून आधी पाल निघाली,
मग ससा, मग खुद्द कोल्हा.
भूक लागेपर्यंतचा तह.
तिसऱ्या दिवशी काळे भुंगेरे आले, कुठून कोण जाणे,
अजून धुमसणाऱ्या लाकडात अंडी घालायला.
मी बसून पाहत राहिलो.
रागावं कुणावर, ते सुचेना.

सुक्याबरोबर ओलंही जळतं, म्हणतात.
आमच्याकडे ओलंच आधी गेलं.
तीन आकड्याची चाळीसच्या चाळीस.
पाचची, सहाची,
ज्यांच्या अंगावर सात-आठ वर्षांचं बूच होतं,
ती बाहेरून कोळसा.
चाकूचं टोक खुपसलं तर आत ओल.
ऑक्टोबरात त्या काळ्या खोडांतूनच, थेट,
पोपटी पालवी फुटली.
आकडे जळाले होते.
कुठलं झाड कुठल्या सालचं
हे आता माझ्या डोक्यात, आणि ते किती दिवस?

टाकीच्या कठड्यावर बैठक झाली.
गावाभोवतीच्या दोन रांगा यापुढे सोलायच्या नाहीत.
त्यांचा अंगरखा त्यांच्याच अंगावर.
"मग छपराचे पैसे आणायचे कुठून?"
ओरासियोनं विचारलं.
बरोबर विचारलं. अजून विचारतो.
निलगिरीचा मालक लिस्बनला असतो,
चार पत्रं गेली, उत्तर नाही.
झुडपं अर्लिंदाच्या बहिणीच्या शेळ्या खातात.
जानेवारीत, दमट दिवस बघून,
आम्हीच लहानसा जाळ लावतो
आणि हातात ओल्या फांद्या घेऊन
खोडकर वासरासारखा
त्याला बांधाबांधानं चालवत नेतो.
पहिल्या वर्षी माझे पाय कापत होते.

ऑर्मिंदा त्याच हिवाळ्यात गेली, खोकल्यानं.
टाकी आता दर शनिवारी घासतो,
साबणाच्या दगडाखालचा कोपरा सोडून.

मागच्या महिन्यात कचेरीतून फर्मान आलं:
आसऱ्याच्या जागी किती जण मावतात
ते ठळक लिहा.
मी पांढरा रंग काढला, लिहिलं, बारा.
तपासायला आलेल्या बाईंनी
जुना अहवाल उलटून पाहिला.
"इथं तर अकरा लिहिलेत?"
मी ब्रश धूत होतो.