मिनिटाला किती

पेडण्याच्या डोंगरात, चारशे बारा मीटर आत,
पाणी आधी वासाने येतं.
मग शेडी रंग बदलते, पांढऱ्याची फिकट गुलाबी,
आणि कायतान ड्रिल थांबवून म्हणतो,
"सायबा, घामेजला हो."

मी बादली धरतो. दहा लिटरची, निळी, कडी तुटलेली.
बत्तीस सेकंदांत भरते.
म्हणजे मिनिटाला पावणेएकोणीस.
पेन्सिलीने लिहितो. शाई इथे फुटते.

अंदाज मी पाच केला होता.

सूत्रात चूक नव्हती.
सूत्र धरून चालतं की डोंगर सगळीकडून सारखा,
पाणी चहूबाजूंनी एकाच मनाने येतं,
आणि वर कुणी राहत नाही.
फक्त एका अक्षरापुढे मी अंदाजपंचे आकडा टाकला होता:
माथ्यावर पाणी किती उंच उभं आहे.

ते अक्षर मोजायला वर चढलो
काजूच्या बागेतून, घसरत,
द्रुपदी पोळजींच्या बावीपाशी.
टेप सोडणार, तर म्हणाल्या, थांब.
आणि दोर पुढे केला. हाताहातावर गाठ.
"चवथीला चार गाठी. शिगम्याला नऊ.
औंदा शिगमो यायचाय अजून, नि बारा."

माझ्या टेपने नंतर बाराच गाठी मोजल्या.

हेगडेसाहेब फोनवर म्हणाले, योगायोग असेल.
अंदाजाला चारने गुणा आणि पुढे चला.
गुणलं. पुढे गेलो नाही.

बावीचं पाणी बोगद्यात उतरतं का, बघायचं
तर बावीत रंग टाकतात, खाली वाट पाहतात.
हिरव्या रंगाची बाटली बघून बाई म्हणाल्या,
"रंग नाका. देवाच्या आंघोळीचं पाणी आहे.
मीठ घाल.
बघू तरी, मिठाला जागतं का."

आगरवाड्याहून दोन पोती आणली, जाडं मीठ, करडं.
त्यांनीच पहिली ओंजळ टाकली,
आमटीत टाकावी तशी, न मोजता.
बाकीचं मी टाकलं, वजन करून.

मग खाली बसलो. नळीच्या तोंडाशी मीटर.
तासाला एक आकडा, सगळे सारखे.
कायतानने मला त्याच्या आतेबहिणीच्या
लग्नाची अख्खी गोष्ट सांगितली, मग पुन्हा सांगितली.
एकेचाळिसाव्या तासाला आकडा हलला.
माझा विश्वास बसेना.
त्याने बोट भिजवून जिभेला लावलं,
हेल्मेट काढलं, काही बोलला नाही.

आता माझ्याकडे वेग आहे, अंतर आहे,
फट कुठल्या बाजूने जाते तेही.
आता मी सांगू शकतो, मिनिटाला किती,
आणि त्यातलं कुणाचं किती.
अहवालात त्याला रकाना नाही.
"शेरा" खाली दोन बोटं जागा आहे.

संध्याकाळी वर सांगायला गेलो.
बाई शेजारच्या नळावरून कळशी आणत होत्या.
ऐकून घेतलं. दोर गुंडाळून खुंटीला लावला.
मग विचारलं, "गोडी कधी होतली माझी बाव?"

हे गणित मला येत होतं.
तोंडातल्या तोंडात केलं, दोनदा.
खाली बोगदा जितकं जोरात ओढील
तितकी ती लवकर गोडी होईल.

"आठ दिवस," मी म्हणालो.
"बेगीनच की," त्या म्हणाल्या,
आणि मला प्यायला पाणी दिलं. नळाचं.