एकोणतीसचा पाढा

हॅलिफॅक्सच्या चढावर आमच्या घराला न्हाणीघर एकच,
म्हणून आधी सगळ्यांना विचारून घेते:
कुणाला जायचंय? आत्ताच जा.
मग दाराच्या फटीला टॉवेल, खिडकीला काळं प्लास्टिक,
कुलपाच्या भोकात कापसाचा बोळा.
टबावर फळी, फळीवर चार ट्रे,
डावीकडून: पाणी, डेव्हलपर, स्टॉप, हायपो.
क्रम पाठ हवा.

लाल दिवा लावतेस का, नणंदेनं फोनवर विचारलं होतं.
नाही. ही फिल्म लाललाही ओळखते.
घड्याळाचे हिरवे काटेसुद्धा बाहेर, उशीखाली.

दिवा मालवला की डोळे थोडा वेळ उगाच काहीबाही रचतात,
मग थकतात.
बोटं पुढे होतात.
होल्डरमधून एकेक फिल्म, पोस्टकार्डाएवढी.
खाचा उजव्या हाताला, वर,
म्हणजे लेप माझ्याकडे.
चारही तशाच. नखं कालच कापलीत.

घड्याळ नाही, तेव्हा पाढा.
जतच्या शाळेत कोष्टीबाईंनी पट्टी उगारून घोटवलेला
एकोणतीसचा,
दाहेपर्यंत बरोबर अर्धं मिनिट भरतं.
सकपाशी मी अजून अडखळते;
ते अडखळणं हिशेबात धरलेलं आहे.
तळाची वर, तळाची वर,
एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी,
एकोणतीस चोक सोळोदरसे,
असे सोळा पाढे.

नवव्यात दार वाजतं.
आई, झालं का?
थांब, ओजस.
थांब म्हणण्यात नववा गेला की दहावा, कळेना.
एक जास्तीचा म्हणून टाकते,
मीठ घातलं का आठवत नसलं
की चिमूटभर अजून टाकावं, तसा.

स्टॉपचा आंबूस भपका नाकात बसतो.
हायपोतला दुधाळपणा विरेपर्यंत ओजस दोनदा येऊन जातो.
शेवटची दोन पत्री एकमेकींना चिकटली होती,
दोघींच्या मधोमध टक्कल.
पहिली उजेडात धरते:
शेजारचे हॉलिंगवर्थ, तोंड कोळशाचं, कोट पांढराफटक.
दोन सेकंद हलू नका, म्हटलं होतं.
गालिच्यांच्या गिरणीत मागावर चाळीस वर्षं, म्हणाले,
मला थांब म्हणणारी तू पहिलीच.
ते थांबले. हातातलं कबुतर नाही.
तिथे काळपट धूर,
आणि बोटांत धरलेले पाय तेवढे स्पष्ट.

चिमट्यांनी दोरीवर, मोज्यांशेजारी, रात्रभर.

सकाळी कुंपणावरून दाखवली.
आभाळासमोर धरून बराच वेळ बघत राहिले.
मला वाटलं, धूर आवडला नसणार.
मर्टल आहे ही, म्हणाले,
पण ती अशी नाही वळत.
आणि कडांना धरून,
मी सांगितलं नव्हतं कडांना धरा म्हणून,
फिल्म फिरवली.

लेपाची बाजू त्यांच्याकडे होती.
मीच उलटी दिली होती.