सातवा रकाना

सूरच्या नगरपालिकेत माझं काम
लोकांनी पाठवलेले जुने फोटो बघण्याचं.
बघण्याचं म्हणजे, हे कोणाचे ते ठरवण्याचं.
सातवा रकाना: हक्कधारक.
त्यात तीनच शब्द निवडता येतात,
शासन, नागरिक, अज्ञात.

अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते:
हे छायाचित्र माझे आहे, वापरास माझी हरकत नाही.
लोक न वाचता टिचकी मारतात.
माझे वडील गुहागरला तलाठी होते.
म्हणायचे, अंगठा उठवणं सोपं असतं,
भांडण शाई वाळल्यावर सुरू होतं.

फोटो क्रमांक चारशे अकरा.
खाडीच्या काठाला अर्धवट बांधलेलं गलबत,
मलबारी सागाच्या फासळ्या उघड्या.
पुढे एक माणूस, हातात वाकस,
ऊन तोंडावर आल्याने डोळे बारीक केलेले.
आणि वाळूवरून, चौकटीच्या खालच्या कडेतून
आत शिरलेली लांब सावली.
कोपरं बाहेर काढलेली, डोक्याच्या जागी पेटी,
लुंगी वाऱ्याने एका बाजूला फुगलेली.

पाठवणाऱ्याला फोन लावला.
खलफान अल-मुखैनी म्हणाले,
बाप माझा, गलबत आमचं,
कॅमेराही आमचाच, कुवेतहून आणलेला.
मग फोटो आणखी कोणाचा असणार?
ज्याने काढला त्याचा, मी म्हटलं.
कसेल त्याची जमीन, तसं.
हे शेवटचं चुकून मराठीत गेलं.

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
होता एक पोरगा, ते म्हणाले,
सुताराच्या हाताखाली.
फटींत तेलातला कापूस ठासायचा.
आम्ही त्याला रत्नागिरी म्हणायचो.
रत्नागिरी काय? मी विचारलं.
रत्नागिरी. बस.

नाव ना गाव, असं आपण म्हणतो.
इथे गाव होतं, अख्खा जिल्हा होता,
नाव तेवढं नव्हतं.

हक्काला माणसापेक्षा आयुष्य जास्त,
मेल्यावरही तो काही दशकं चालतो.
पण हा मेला कधी, मेला का,
हे कळल्याशिवाय दशकं कुठून मोजायची?
असेल दाभोळच्या जेटीवर, नातवावर ओरडत.
असा एक फोटो काढल्याचं विसरलाही असेल.
विसरल्याने हक्क जातो
असं कलमांत कुठे सापडलं नाही मला.
दोनदा वाचली.

बद्रिया, आमची साहेब, पाठीमागे येऊन उभी राहिली.
तिला हा फोटो हवा होता, पहिल्या पानावर, मोठा.
खालचा भाग काप, म्हणाली,
सावली गेली की प्रश्नही गेला.
वाईट नाही ती. सकाळीच हलवा दिला होता,
केशराचा, डब्यासकट.
मी रेघ खालून वर सरकवली.
सावली पार माणसाच्या टाचांपर्यंत पोचलेली,
सावली कापली की बापाचे पाय जात होते.
दोघी बघत राहिलो त्या गुडघ्यापासूनच्या माणसाकडे.
राहू दे, ती म्हणाली, आणि गेली.

आता अज्ञात लिहायचं?
अज्ञात म्हणजे शोधून न सापडलेला.
मी शोधलं कुठे?
एक फोन केला, चहा गार होईस्तोवर.

चारशे अकरा अजून मसुद्यातच आहे.
दर गुरुवारी, सुट्टीच्या आधी,
संगणक लाल अक्षरांत आठवण करतो,
सातवा रकाना रिकामा आहे.
मी 'नंतर' दाबते.
रात्री गुहागरला फोन लागतो तेव्हा
इकडचं तिकडचं झाल्यावर आईला विचारते,
आपल्याकडचं कोणी होतं का गं पूर्वी, सूरला,
गलबतांच्या कामावर?
ती भांडी लावता लावता म्हणते,
कोण नव्हतं?